आडनावावर जीभ अडते तेव्हा

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव नोंदवले गेले. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, वक्तृत्व स्पर्धा होतात. आम्हाला बोलायचे आहे ते नाव सांगण्याबद्दल.

आम्ही तोतरे बोलतो. तोतऱ्या माणसाला बहुतेक वेळा सगळ्यात अवघड जाते ते स्वतःचेच नाव. दुसरा शब्द अडला तर वळसा घालता येतो. 'पाणी' निघेना तर 'प्यायला द्या' म्हणून भागते. नावाला वळसा नाही. आणि आपल्याकडे नोकरीच्या दारात पहिला प्रश्न काय, तर "पूर्ण नाव सांगा". नुसत्या नावावर कुणाचे समाधान होत नाही, कान आडनावाकडे लागलेले असतात.

सांगलीतल्या एका खासगी कंपनीत आम्ही मुलाखतीला गेलो आणि नेमके आडनावावर अडलो. साहेब हसून म्हणाले, "अहो सांगा की, लाजताय कशाला?" आम्ही जात लपवतोय असा त्यांचा समज झाला. पुढे हिशेबाचे सगळे प्रश्न बरोबर सोडवले, पण साहेबांचे मत तोवर बनून गेले होते.

मोठ्या घरचा मुलगा अडखळला तर तो 'विचार करून बोलतो'. आपला अडखळला की 'आत्मविश्वास नाही', 'कोट्यातला असेल'. अडखळण्याचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही, पण अर्थ लावला जातो तो जात बघून.

कायद्याचे काय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे, पण व्याख्येत उदाहरणे आहेत ती स्वरयंत्र काढल्याची आणि मेंदूच्या इजेने वाचा गेल्याची. तोतरेपणाचे नावच नाही. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, तिथे लेखी गुणांवर पोरगा तरतो. खासगीत आरक्षणही नाही आणि मुलाखत हेच सगळे.

चळवळीतही विचारून बघा, जयंतीला माईक कुणाच्या हातात जातो? बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढले त्याचे नाव 'मूकनायक' होते, आणि आपल्या मंडळांत मात्र खणखणीत आवाजाचाच पोरगा पुढारी ठरतो.

येत्या ७ नोव्हेंबरला साताऱ्यात स्पर्धा घेणाऱ्यांना एवढेच सांगणे, इतरांना ५ मिनिटे असतील तर अडखळणाऱ्याला ८ द्या. आणि त्याचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. पुढचा शब्द कोणता ते त्याला माहीत असते.