एक दिवस रत्नागिरी

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली. गिरगाव-परळच्या खोल्या पुरेनाशा झाल्या तशी आमच्या घरातली भावंडं एकेक करून या उपनगरांत सरकली. काकांकडून आत्याकडे जायचं तर दादरला गाडी बदलणं आलं, त्यामुळे सणवार सोडले तर भेटी कमीच. सगळ्यांना एका खोलीत आणायची एकच गोष्ट होती: मे महिन्यात गावी कधी आणि कसं जायचं ते ठरवणं.

होळी उरकली की घाटकोपरला आत्याकडे बैठक बसायची. भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यावरून उतरायचं आणि थोरले काका उभ्या रेघांची वही उघडायचे. मुलांचे निकाल कधी, कारखान्यातली रजा कुणाची मंजूर, कुणाच्या नणंदेचं लग्न मध्ये येतंय, हे सगळं त्यात. परत यायचं ते मृगाच्या आत, नाहीतर पावसात सामान भिजणार. आजीची अट वेगळी असायची. अमावास्येला उंबरा ओलांडायचा नाही. आम्हाला ती अंधश्रद्धा वाटायची. पण 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ‘रामदास’ बोट रेवसजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली, हे तिच्या उमेदीच्या वयात घडलेलं. तिच्या पिढीचा कोकणचा प्रवास बोटीचा होता. हर्णै, दाभोळ, जयगड करत बोट रत्नागिरीला लागायची आणि उतारूंना पडावातून किनारा गाठावा लागायचा. त्या पिढीने तिथी पाहिली तर नवल काय?

आमची पिढी एसटीची. तिकिटांचं काम बोरिवलीच्या काकांकडे, कारण नॅन्सी कॉलनीचं आगार त्यांना पायाखालचं. पहाटे रांगेत उभं राहून ते रातराणीची आरक्षणं करायचे. जागा पुढच्याच हव्यात, मागे बसलं की कशेडी घाटात पोरं ओकणार, ही सूचना त्यांना दरवर्षी नव्याने दिली जायची. बारा पूर्ण झालेला मुलगा त्या रात्रीपुरता अकराचा व्हायचा आणि कंडक्टर समोर आला की बाक काढून बसायचा. वळकट्या, पत्र्याची ट्रंक, फिरकीचा तांब्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेजारच्या गुजराती काकूंनी बांधून दिलेले थेपले. पेण, माणगाव, महाड, पोलादपूर मागे पडायची. चिपळूण-संगमेश्वर बहुतेकांच्या झोपेत जायचं आणि हातखंब्याला बाबा एकेकाला हलवून उठवायचे.

मग रत्नागिरी यायची. म्हणजे एसटी स्टँड यायचा. तिथे चूळ भरून, चहा पिऊन, सामानावर एकाला बसवून आम्ही पावसच्या गाडीची वाट पाहायचो. ती गाडी भाट्याच्या पुलावर चढली की उजव्या खिडकीत समुद्र, मागे वळलं तर रत्नदुर्गाचं टोक आणि त्यावरचं दीपगृह दिसायचं. सगळी मुलं उजवीकडे झेपावायची आणि कंडक्टर ओरडायचा. पूल संपला की आमचं रत्नागिरीदर्शनही संपलं.

थोरल्या काकांच्या वहीत मात्र दरवर्षी शेवटची ओळ ठरलेली: ‘एक दिवस रत्नागिरी’. तिच्याखाली बारीक अक्षरात यादी. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान. भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं पतितपावन मंदिर, 1931 चं; सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भगवतीचं देऊळ, मांडवीचा किनारा, पांढरा समुद्र आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये इथे आणून ठेवलं. राजवाडा 1910 मध्ये तयार झाला आणि 1916 मध्ये राजा इथेच वारला. मनाविरुद्ध आलेला तो राजा तीस वर्षं रत्नागिरी पाहत राहिला. आम्ही हौसेने जाणारे, आम्हाला एक दिवस मिळाला नाही.

कारण तारखा जुळेनात की पहिली काट याच ओळीवर पडायची. ट्रंका कुठे ठेवायच्या? एवढी माणसं जेवायची कुठे? आणि खरं कारण आजी बोलून दाखवायची, “तिकडे काकू चुलीवर आधण ठेवून बसली असेल, आणि तुम्ही राजवाडे बघत फिरणार?” मोठ्यांच्या लेखी रत्नागिरी म्हणजे कचेरी, कोर्ट आणि सिव्हिल हॉस्पिटल. काम निघालं तर जायचं, एरवी नाही. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली तेव्हा वाटलं, आता जमेल. पण स्टेशनवर उतरलो की रिक्षा धरून थेट गावच. पुढे गावात आधण ठेवणारं कुणी उरलं नाही आणि घराला कुलूप लागलं, तसं जाणंच विरळ झालं. आपली वाट कुणी पाहत असेल तिथे माणूस प्रेक्षणीय स्थळं पाहत बसत नाही. आमच्या पिढीने कोकण असंच पाहिलं, माणसांच्या आडून. त्याची खंत करावी असं मला तरी वाटत नाही.

यंदा भाच्यांनी पुढाकार घेतला आहे. बैठक व्हॉट्सॲपवर झाली, रेल्वेची तिकिटं पलंगावर लोळत निघाली आणि मांडवीजवळच्या हॉटेलात खोल्या ठरल्या. आता मधल्या ओळीतलं ‘गावच्या घरी चक्कर’ कधी करायची यावर वाद आहे, म्हणजे काट मारायची पाळी बहुधा गावावर आली आहे. ऐंशी ओलांडलेल्या आत्याला मात्र हॉटेलच मान्य नाही. “आपल्याच जिल्ह्यात पैसे मोजून झोपायचं?” असं म्हणून तिने फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिचाच पुन्हा आला: गाडीत किती माणसं आहेत ते नीट सांगा, त्या हिशेबाने पुऱ्या करते.