चाक, पाना आणि मालक

हत्यारावरून कारागीर ओळखावा, असें म्हणतात. आमचें मत थोडें निराळें आहे. हत्यारावरून कारागिराची ओळख पटो वा न पटो, तो ज्याचें काम करीत असतो त्या मालकाची ओळख मात्र हटकून पटते. मोटारीचें चाक काढण्याचा पाना हा या दृष्टीनें मोठा बोलका पदार्थ आहे. विषय क्षुद्र खरा. पण नागपुराच्या पश्चिमेस, अमरावती रस्त्यावर, वाडी येथें ज्यानें एखादी दुपार घालविली आहे, त्याला तो तितका क्षुद्र वाटणार नाहीं.

वाडी हें मालमोटारींचें गांव. पूर्वीं ६ क्रमांक असलेला व आतां ५३ म्हणून ओळखला जाणारा महामार्ग येथून जातो. त्याच्या दोहों बाजूंस गुदामें, वाहतूक कंपन्यांच्या कचेऱ्या, टायरांच्या राशी आणि पंक्चरवाल्यांच्या टपऱ्या. येथें चाकाशीं बोलण्याची भाषा एकच, आणि ती म्हणजे जोर. नट हालत नसेल तर पान्याच्या दांड्यावर नळी चढवावी. तरीहि न हालला तर नळीवर पोऱ्यानें उभें राहावें. चाक पोलादाचें, नट पोलादाचा. ओरखडा उठला तरी त्याची विचारपूस कोण करतो? या रीतीला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. टनांनीं भार वाहणाऱ्या चाकाला तोच न्याय शोभतो.

परंतु अलीकडे याच रस्त्यानें बसक्या, रुंद, नखरेल अशा स्पोर्ट्‌स मोटारीहि जाऊं लागल्या आहेत, आणि खिळ्याला काय, मालमोटार आणि स्पोर्ट्‌स मोटार दोन्ही सारख्याच! या मोटारींचें चाक बहुधा ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचें असतें. धातु हलका, पोलादाहून मऊ. वर रंग, रंगावर पारदर्शक लेप. नट बसतो तो अरुंद, खोल खळग्यांत. जाड भिंतीची नेहमीची गोटी तेथें घातली, कीं ती फिरतांना खळग्याचा रंग खरवडून काढते. म्हणून गोटी पातळ भिंतीची हवी, तिच्यावर प्लास्टिकचें वेष्टण हवें, आणि तिला कोन सहाच हवेत; बारा कोनांची गोटी चटकन् बसते खरी, पण घट्ट नटावर ती तितक्याच चटकन् घसरते आणि नटाचे कोपरे खाऊन टाकते.

जोराचा हिशेबहि करून पाहण्यासारखा आहे. साठ किलो वजनाचा पोऱ्या अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोंकावर उभा राहिला, तर नटावर सुमारें तीनशें न्यूटन-मीटर पीळ पडतो. बहुतेक मोटारींच्या नटाला शंभर ते दीडशें पुरतो. अधिक पिळानें चाक अधिक सुरक्षित होत नाहीं. बोल्ट ताणला जातो, आटे मरतात, आणि पुढच्या खेपेस रस्त्यावर तो नट कोणाच्यानें निघत नाहीं. यासाठीं टॉर्क पाना ठेवावा. पण तो घट्ट करण्यापुरताच वापरावा. सोडविण्यास साधा लांब दांडा बरा, आणि पहिला झटका चाक जमिनीवर टेकलेलें असतांनाच द्यावा. नागपुरी उन्हाळ्यांत डांबर मऊ पडतें, तेव्हां जॅकखालीं एक लांकडी फळी घालण्यास विसरूं नये. पावसाळ्याच्या ओलीनें चाक हबला चिकटून बसलें असेल, तर घाव धातूवर कधींहि घालूं नये; तेल सोडून थोडें थांबावें, आणि रबरी हातोडीनें टायरला आंतल्या बाजूनें ठोके द्यावेत.

दोन वर्षांपूर्वीं वाडींतल्या एका गॅरेजांत आम्हीं एक प्रकार पाहिला. अशीच एक मोटार आली. मालक घाईंत होते. सतराअठरा वर्षांच्या पोऱ्यानें हातीं लागली ती गोटी हातोडीनें ठोकून बसविली. चाक निघालें, पण पांचही खळग्यांभोंवतीं पांढरीं कडीं उमटलीं. मालकांचा आवाज चढला. भरपाईची जी रक्कम त्यांनीं उच्चारली, ती ऐकून पोऱ्या खालीं बसला. तेवढ्यांत म्हातारे मिस्त्री उठले, गाडीची डिकी उघडून स्टेपनीच्या बाजूचा कप्पा त्यांनीं चांचपला आणि त्यांतून पातळ भिंतीची, वेष्टणाची गोटी बाहेर काढली. कारखान्याची प्लास्टिकची पिशवीसुद्धां फाडलेली नव्हती! मालकांकडे न पाहतां ते पोऱ्याला म्हणाले, "अबे, जोर काहून लावतं? पयले गोटी बसली का, थे पाय." पोऱ्याला उद्देशून तो उपदेश होता, पण ऐकावयास दुसरेंच कोणी होतें. तरीहि त्या महिन्यांत पोऱ्याच्या पगारांतून पैसे कापले गेले, असें आम्हांस मागाहून समजलें.

हा प्रश्न आजचा नव्हे. एम. जी. कंपनीनें १९४५ ते १९४९ पर्यंत टी. सी. नांवाची दोन माणसांची मोटार काढली. तिचीं चाकें तारांचीं, आणि मध्यभागीं पाकळ्यांचा एकच मोठा नट. तो पान्यानें नव्हे, हातोड्यानें काढीत. पण हातोडा तांब्याचा, शिशाचा किंवा कच्च्या चामड्याचा. म्हणजे झिजावें तें हत्यारानें, नटानें नव्हे, हा त्यांतला न्याय. त्या नटाचे आटेहि पाहण्यासारखे. जुन्या कित्येक मालमोटारींत डाव्या बाजूचे नट उलट आट्यांचे असत; या मोटारींत उलट आटे उजव्या बाजूस. मालमोटारीच्या संवयीचा हात तेथें सोडावयास जाईल आणि अधिकच आंवळून ठेवील! घाव घालण्यापूर्वीं नटावरचा बाण वाचावा, हें उत्तम. पाकळ्या पादचाऱ्याला लागतील म्हणून अमेरिकेनें १९६८ पासून नव्या मोटारींवर त्यांना मनाई केली. मधल्या एकाच नटाची पद्धति शर्यतींच्या मोटारींत व कांहीं पोर्शे मोटारींत अजून आहे. मात्र त्याला पांचसहाशें न्यूटन-मीटर पीळ लागतो, म्हणजे जवळजवळ मालमोटारीइतका. नाजूकपणा म्हणजे दुबळेपणा नव्हे, हें यावरून ध्यानीं यावें. तेथेंहि जोर लागतोच. पण तो नेमका बसणाऱ्या गोटींतून जातो.

नुकसान जोरानें होतें, असें आपण सरसहा म्हणतों. तें न बसणाऱ्या हत्याराला जोर पुरवावा लागल्यानें होतें. आणि योग्य हत्यार हजर ठेवण्याचें काम दर वेळीं कारागिराचेंच असतें असें नाहीं. टपरीवरचा पोऱ्या प्रत्येक मोटारीची गोटी विकत घेऊं शकत नाहीं. ज्यानें मोटार घेतली, त्याला ती मोटारीबरोबरच मिळालेली असते. तेव्हां ज्यांच्याजवळ अशा मोटारी आहेत, त्यांना आमची एवढीच विनंति, कीं लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं डिकींतली ती पिशवी एकदां फाडून ठेवावी, आणि गाडी थांबली कीं आवाज चढविण्याच्या आधीं गोटी पुढें करावी.