मागच्या रांगेतला खर्ज

ऑफिसला जाताना हेडफोनवर एक प्रयोग करून बघा. गायकाला विसरा, गिटारलाही विसरा. आपले पाय कशावर पडतायत, तेवढंच ऐका. तो खालचा, पोटात घुमणारा खर्ज म्हणजे बेस. बॅण्डमधला सगळ्यात दुर्लक्षित गडी! एक अख्खा रविवार मी त्याच्या मागावर घालवला. रूट साधा : धोबीतलाव, ताडदेव, लोअर परळ, दादर.

धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळच्या जुन्या इमारतींत गोव्याच्या गावांच्या ‘कूड’ होत्या. गाववाल्यांना स्वस्तात खाट मिळायची ती जागा. बोटीवर नोकरी शोधणाऱ्यांसोबत वादकही इथेच पथारी पसरायचे. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही मंडळी रात्री हॉटेलांत जाझ वाजवायची आणि सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला हजर!

ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये आर. डी. बर्मनची कितीतरी गाणी रेकॉर्ड झाली. त्यांच्याकडे बेस गिटार वाजवायचा टोनी वाझ. नाव ऐकलंय? नसेलच. पडद्यावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं यायची, वादकांची क्वचितच. पगार नाही, रेकॉर्डिंगमागे पैसे. म्हणजे आमच्यासारखेच फ्रीलान्सर, फक्त बायलाइन नाही!

याच दुनियेतले चरणजित सिंग. तेही बेस गिटार वाजवायचे. १९८२ मध्ये त्यांनी दहा रागांना डिस्कोचा ठेका देऊन एक रेकॉर्ड काढली. त्यात बेस होता रोलॅण्डच्या ‘टीबी-३०३’ या मशीनचा. गंमत बघा, हे मशीन बेसवाल्याच्या जागी वाजावं म्हणूनच बनवलेलं! रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातले श्रोते चक्रावले. शिकागोचं ‘अ‍ॅसिड हाउस’ यायच्या पाच वर्षं आधीच मुंबईत हा आवाज? सत्तरीत नाव झालं. २०१५ मध्ये ते गेले.

लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ सुरू झालं. जिथे कापड निघायचं, तिथे जाझ आणि ब्लूज! लोक तिकीट काढून ऐकायला यायचे. बेसवाल्यावरही स्पॉटलाइट पडायचा. २०१६ मध्ये तेही बंद. आता कंपाउंडमध्ये नुसता ट्रॅफिक.

पण गिरणगावात जाझ ‘ब्लू फ्रॉग’ने आणला असं समजू नका. शेवटचा स्टॉप दादर, भगवानदादांचं दादर. गिरणी कामगाराचा हा मुलगा १९५१ च्या ‘अलबेला’त नाचला. संगीत सी. रामचंद्र यांचं, आणि त्यात गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. म्हणजे अस्सल स्विंग! त्या स्टेप्स लालबाग-परळच्या विसर्जन मिरवणुकांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या अंगात भिनल्या. जाझचा ‘ज’ माहीत नसताना आख्खी चाळ जाझवर नाचली. भगवानदादांचं नाव राहिलं, चिकचंही थोडंफार. मागच्या रांगेत उभं राहून त्या पायांना जमीन देणारा मात्र बिननावाचाच गेला.

तेव्हा पुढच्या वीकेंडला कुठे लाइव्ह बॅण्ड दिसला, तर गायकासोबत सेल्फी झाल्यावर दोन पावलं मागे जा. बेसवाल्याला नाव विचारा. आणि लक्षात ठेवा, बॉस!