दस्तरखानावरचा भात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी दस्तरखान पसरला होता. बांगड्याचं कालवण, तळलेली सुकट आणि नेहमीसारखा पातेलंभर भात. अम्मी दुसऱ्यांदा भात वाढायला आल्या आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी ताटावर हात आडवा धरला. "बस अम्मी, भातातही साखरच असते." अम्मींचा हात तिथंच थांबला. त्या काही बोलल्या नाहीत. पातेलं घेऊन आत गेल्या आणि त्या दुपारी त्या जेवल्याच नाहीत.

त्याचं कारण आम्हाला रात्री कळलं. त्याआधी थोडं आमच्याविषयी.

आम्ही नवरा-बायको दोघंही शिक्षक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावात राहतो. चाळिशी ओलांडली, खुर्चीवर बसून वह्या तपासण्याचं काम वाढलं आणि वजनही वाढत गेलं. शाळेत तपासणी शिबिर झालं तेव्हा आमच्यातल्या एकाचं वजन ८८ किलो भरलं, दुसऱ्याचं ७४. पहिल्याची एचबीएवनसी ६.३ आली. म्हणजे मधुमेह अजून घरात शिरला नव्हता, पण उंबऱ्यावर उभा होता. आमच्या घरानं हा पाहुणा आधी पाहिलेला आहे. अब्बांच्या पायाची जखम भरली नाही, पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि त्यानंतर वर्षभरातच ते अल्लाहला प्यारे झाले.

घाबरून आम्ही एका नातेवाइकाचं ऐकलं आणि कीटो सुरू केलं. भात बंद, भाकरी बंद, फळं बंद. अंडी, मटण, तूप आणि पनीर. पहिल्याच आठवड्यात तीन किलो उतरले तेव्हा आम्ही खूश झालो. ती चरबी नव्हती, बहुतेक पाणी होतं, हे नंतर समजलं. शरीर पिष्टाचा साठा ग्लायकोजनच्या रूपात करतं आणि त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही जातं. डोकं दुखायचं, पोट साफ होत नव्हतं, तरी चाळीस दिवस रेटलं. मग लग्नसराई आली. एका वलीम्यात बिर्याणी खाल्ली, दुसऱ्यात खाल्ली आणि तिसऱ्यानंतर कीटोचं नावही घरात निघेना. तीन महिन्यांत गेलेलं वजन परत आलं, वर एक किलो जास्त.

बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की, मूल नापास झालं तर आधी आपली शिकवण्याची पद्धत तपासावी. आम्ही एक जुनी वही काढली आणि आठवडाभर जे खाल्लं ते लिहिलं. एक वाटी शिजलेला भात म्हणजे ४० ते ४५ ग्रॅम कर्बोदकं. तांदळाची एक भाकरी साधारण तेवढीच. चहातली साखर, संध्याकाळची खारी, रात्री पुन्हा भाकरी आणि वर थोडा भात. बेरीज साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे गेली. आणि मासा? दिवसाला जेमतेम दोन तुकडे. दर्या दाराशी असून आम्ही तांदळावर जगत होतो.

मग आम्ही प्रश्नच बदलला. कोणत्या आहारानं वजन लवकर उतरेल, हे विचारणं सोडलं. दहा वर्षांनीही आपण आनंदानं काय खात असू, हे विचारलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ माणसांवर वर्षभर प्रयोग केला होता. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं वजन सरासरी ६ किलो उतरलं, कमी चरबी खाणाऱ्यांचं ५.३ किलो. फरक नगण्य. दोन्ही गटांना एकच ताकीद होती की साखर, मैदा आणि पाकिटातलं खाणं टाळा, भाज्या भरपूर खा. आम्ही यावरून एवढंच घेतलं, की जो आहार आपल्याला निभावता येईल तोच आपला.

कीटोमध्ये कर्बोदकं दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणतात. ते आमच्यानं होणारं नव्हतं. १३० ग्रॅमच्या आत राहिलं तरी तो कमी कर्बोदकांचा आहार मानला जातो. आम्ही तिथं थांबलो. सकाळी दोन अंडी आणि भाजी, दुपारी मोजून एक वाटी भात, रात्री एक भाकरी. बाकी ताट मासळी, पालेभाजी, काकडी आणि थोडी डाळ यांनी भरायचं. चहा बिनसाखरेचा. बदामाच्या पिठाची महागडी पाकिटं आणली नाहीत. बांगडा, सुकट आणि अंडी शिक्षकाच्या पगारात बसतात. एक गैरसमजही दूर झाला. नाचणीच्या भाकरीत साखर नसते असं आम्हाला वाटायचं. नाचणीत तंतू आणि कॅल्शियम जास्त आहे हे खरं, पण कर्बोदकं जवळपास तांदळाइतकीच. तीही मोजूनच खायची.

आता त्या रात्रीविषयी. इशाच्या नमाजनंतर अम्मी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमच्या अब्बांना मीच वाढत होते ना रे भात? तीन-तीन वाट्या. डॉक्टर म्हणाले साखर बंद, मी चहातली साखर बंद केली. भाताचं मला कोणी सांगितलंच नाही."

आम्ही काय बोलणार? त्या चौथी शिकलेल्या. त्या घरात दोन पदवीधर शिक्षक होते, त्यांनी तरी डॉक्टरांना कुठं विचारलं होतं? आम्ही त्यांचा हात धरला. म्हटलं, "अम्मी, चूक असेल तर ती आधी आमची. तुम्ही मायेनं वाढत होतात." त्या बराच वेळ रडल्या. आम्हीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच कपाटातून एक लहान वाटी काढली. "भात याच वाटीनं वाढीन. पण माशाचा तुकडा मी ठरवीन तेवढा खायचा." तेव्हापासून तीच आमची आहारतज्ज्ञ.

रमजानमध्ये कसोटी लागते. एका लहान खजुरात पाच-सहा ग्रॅम साखर असते, म्हणून इफ्तारला एकच खजूर आणि पाणी. सरबत नाही. मगरिब पढून मग सावकाश जेवायचं. पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आम्ही मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. आचरणात आणायला चाळिशी उलटावी लागली. लग्नात बिर्याणी खातो, एक ताट, खुशीनं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपली वाटी.

चौदा महिन्यांत ८८ चे ७९ झाले, ७४ चे ६८. मध्ये तीन महिने काटा हललाच नाही, तरी वाटी बदलली नाही. एचबीएवनसी ५.८ वर आली. अल्हमदुलिल्लाह. अजून उतरायला हवी.

एक विनंती मात्र आहे. घरात कोणी इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, कोणी गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात कमी करू नका. कर्बोदकं घटली आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. प्रश्न विचारायला लाजू नका. आम्ही लाजलो होतो.

आजही अम्मी वाढताना एकदा विचारतात, "अजून थोडा?" आम्ही हात आडवा करतो. त्या हसतात आणि बांगड्याचा मोठा तुकडा ताटात टाकतात.