हिशोब आधी घरचा

रात्री जेवणे आटोपली, तेव्हा नातीने विचारले, "आबा, हा सॅम ऑल्टमन कोण? सगळे त्यालाच का जाब विचारतात?"

आम्ही जमेल तसे सांगितले. अमेरिकेत २०१५ साली 'ओपनएआय' ही संस्था निघाली, ती नफ्यासाठी नव्हे, माणसाच्या भल्यासाठी असे सांगून. २०१९ मध्ये तिच्या पोटी नफ्याची कंपनी आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये संचालक मंडळाने ऑल्टमनला काढले आणि पाच दिवसांत तो पुन्हा खुर्चीवर बसला. डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दावा लावला की, आमचे लेख न विचारता यंत्राला शिकवायला वापरले. २०२४ मध्ये 'एएनआय' ही वृत्तसंस्थाही दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मूळ वचन मोडले म्हणून जुना सोबती इलॉन मस्कही कोर्टात गेला. कंपनीने हे सारे आरोप नाकारले.

"म्हणजे तो लबाड?"

"ते ठरवायला कोर्ट आहे, पोरी. नुसता चेहरा पाहून निकाल देऊ नये. आपल्या लोकांनी ते फार सोसले आहे. पण ज्यांच्या श्रमावर यंत्र शहाणे झाले, त्यांचा हिशोब मागितलाच पाहिजे."

आम्ही छापखान्यात खिळे जुळवले. लेखकाचे नाव सुटले, तर पान पुन्हा जुळवावे लागे.

नात गप्प झाली. मग तिने हळूच वही पुढे केली. शाळेचा निबंध त्याच यंत्राकडून उतरवलेला! आम्ही रागावलो नाही.

"हिशोब आधी घरचा," एवढेच म्हणालो.

तिने ते पान फाडले आणि नवे पान काढले.