जोड

मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर अकोल्याचे जुने शहर आहे. राजराजेश्वराच्या मंदिराभोवतीच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर एकाने मागे सरावे लागते. शिक्षकाची नोकरी घेऊन मी 1984 साली वसईहून येथे आलो आणि येथलाच झालो, असे मी मानतो. शेजारी मात्र अजूनही माझी ओळख 'वसईवाले सर' अशीच करून देतात. त्यात दुरावा नसतो. मी नंतर आलेला आहे, एवढीच आठवण त्यात असते.

मुलाचा बी-बियाण्यांचा व्यवसाय. अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूच्या गावांतून त्याची रोजची फिरती. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो, तेव्हा साधी मोटार तेथे कामाची नसते. त्याने थार घ्यायचे ठरवले, तीही कापडी छताची. लहानपणी घरमालकांच्या उघड्या जीपमधून केलेला प्रवास त्याच्या मनातून गेला नव्हता. त्या जीपमध्ये गल्लीतल्याच एका कारागिराने टेप बसवला होता. वेग वाढला की गाणे वाऱ्यात विरून जाई आणि आम्ही सारे हसत असू.

थारची नवी आवृत्ती 2 ऑक्टोबर 2020 रोजी बाजारात आली. तिच्या वरच्या प्रकारात कारखान्यानेच सात इंची पडदा बसवलेला होता. त्यावर पावसाचे तुषार उडाले तरी तो टिकावा, अशी योजना होती. ध्वनिवर्धक दारात न ठेवता वर, छताच्या सांगाड्यात बसवले होते. त्यामागे विचार होता. बंद मोटारीत आवाज चार भिंतींवर आपटून परत कानाशी येतो. उघड्या गाडीत त्याला अडवणारे काही नसते, आणि खर्जातले स्वर तर वाऱ्यात सर्वांत आधी हरवतात. म्हणून आवाजाचा उगम कानाजवळ आणावा लागतो. ऊन, धूळ, पाणी आणि वारा या चारही गोष्टी गाडी कागदावर असतानाच कोणीतरी लक्षात घेतलेल्या होत्या.

आम्हाला परवडणाऱ्या प्रकारात मात्र हा पडदा नव्हता. घरात तीन मते झाली. मुलगा म्हणाला, "पपा, थोडे कर्ज वाढवू, पण कंपनीचेच घेऊ." सूनबाईंना वाटे की खिशातला फोन पुरे आहे. मी म्हणालो, "बाजारात त्याच्या चौथाई किमतीत मोठा पडदा मिळतो. चकाकीसाठी कर्ज कशाला?" मास्तरकीची सारी वर्षे पै-पै वाचवण्यात गेलेली. माझाच शब्द राहिला.

माझ्या बाजूने इतिहासही होता, आणि तो मी जेवताना सर्वांना ऐकवला. 1930 साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' नावाचा मोटारीतला रेडिओ विकायला काढला, तेव्हा तो कारखान्यातून निघालेल्या गाडीत मागाहून बसवण्याचीच वस्तू होती. वाट दाखवणाऱ्या यंत्रांचेही तसेच. 1981 साली होंडाने जपानमध्ये उपग्रहाशिवाय, जायरोच्या आधारे चालणारे यंत्र काढले खरे. पण 1985 साली अमेरिकेत आलेले 'ईटॅक' हे यंत्र बाजारातून आणून गाडीत लावायचे होते, आणि त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर साठवलेले असत. उपग्रहाच्या आधारे चालणारे यंत्र गाडीतच घडवून देणारी पहिली मोटार 1990 सालची, मझदा कंपनीची. पुढे मे 2000 मध्ये अमेरिकेने नागरी संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि तेव्हा कुठे या यंत्रांना रस्ता आणि त्याच्या शेजारची गल्ली यांतला फरक नीट कळू लागला. तात्पर्य, आज कारखान्यात जे घडते ते काल बाजारातच जोडले जात होते. माझा युक्तिवाद बिनतोड होता. त्यात फक्त जोडणाऱ्या हाताचा विचार नव्हता.

2022 च्या उन्हाळ्यात एका दुकानात पडदा बसवला. कारागिराने तासाभरात काम उरकले. पक्कड चालवताना त्याने काय कापले, हे मी पाहिले नाही. पावती मात्र दोनदा तपासली.

त्याच वर्षी, अकोट रस्त्यावरचा गांधीग्राम येथील पूर्णा नदीवरचा जुना पूल धोकादायक ठरून वाहतुकीस बंद झाला. डिसेंबरातल्या एका रात्री आम्ही अकोटहून लांबच्या वळणाने परत येत होतो. मागच्या आसनावर पाच वर्षांची नात माझ्या मांडीवर झोपली होती. पडद्यातली बाई पुन:पुन्हा मागे वळण्यास सांगत होती. निदान चार उपग्रहांचे संकेत जुळवून आपण कोठे आहोत हे तिला बिनचूक कळत होते. पण तिचा नकाशा विकत घेतलेल्या दिवशीचा होता आणि त्यात तो पूल अजून उघडाच होता. आम्हाला तिची गंमत वाटत होती.

मग तिचा आवाज मध्येच तुटला. जळक्या रबराचा वास आला, आणि पडद्यामागून धुराची बारीक रेघ वर, कापडी छताकडे चढू लागली. मुलाने गाडी थांबवली आणि ओरडला, "पपा, आधी तिला घेऊन उतरा!" मी नातीला उचलून तुरीच्या शेताच्या बांधावर धावलो. त्याने बॉनेट उघडून बॅटरीची तार उपसून काढली. धूर हळूहळू विरला. नात जागी होऊन विचारत होती, "आजोबा, घर आलं?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. वाचवलेले पैसे किती, हे मला रुपयापर्यंत पाठ होते. त्या अंधारात तो आकडा आठवण्याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी पडदा उतरवला. मूळ तारा कापून नुसत्या पिळून जोडल्या होत्या. त्यांवरच्या चिकटपट्टीचा डिंक उन्हाळ्यात वितळून ती सुटली होती. फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा होता. जादा वीज वाहू लागली की स्वत: वितळून बाकीच्यांना वाचवणे हे फ्यूजचे काम, तांब्याची तार तशी वितळत नाही, म्हणून जळणे शेजारच्या तारांच्या वाट्याला आले.

मी म्हणालो, "हे फेकून द्या. कंपनीचेच बसवू."

मिस्त्री म्हणाले, "काहून फेकता सर? टेप वाईट नाही, जोड वाईट हाये. तार कापाची कायले होती? गाडीच्या मापाचं कपलर भेटते ना बाजारात."

त्यांनी दोन दिवस घेतले. कापलेल्या मूळ तारा एकेक करून डाख देऊन सांधल्या, त्यांवर आवरण चढवले, बॅटरीच्या वाटेवर योग्य मापाचा फ्यूज घातला, आणि पडद्याची जोडणी कपलरने केली. आता तो पडदा हवा तेव्हा निघेल आणि गाडीला ओरखडा न पडता पुन्हा बसेल. नकाशाही फोनमधून पडद्यावर येईल अशी सोय करून दिली. फोनचे काम पडद्यावर दिसण्याची ही रीत 2014-15 पासून रूढ झाली, आणि त्यामुळे वाटेच्या बाबतीत कारखाना व बाजार यांतले अंतर बरेच मिटले आहे. दोघांचा नकाशा एकाच फोनमधला, आणि तो रोज ताजा.

कारखान्यातल्या वस्तूचा मोठेपणा मी आता मान्य करतो. तिच्यासाठी जागा आधीच राखलेली असते. ऊन-वाऱ्याचा हिशेब झालेला असतो. काही बिघडले तर दाद मागायला एकच दार असते. बाजारच्या वस्तूला ती जागा करून घ्यावी लागते. त्यासाठी काही कापायचे नाही, भार पेलेल एवढाच घ्यायचा, आणि फ्यूजची जागा कधी रिकामी ठेवायची नाही. तसे जोडायला वेळ लागतो. मी दिला होता एक तास.

गाडी परत देताना मिस्त्रींनी पडद्यावर फडके फिरवले. "कंपनीचं नसंल सर, पण आता गाडीचंच हाये," ते म्हणाले, आणि कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळून त्यांनी हाक दिली, "दोन चहा आण रे, आपल्या वसईवाल्या सरांसाठी!"

हाक जुनीच होती. तिच्यातला 'आपल्या' हा शब्द मी त्या दिवशी प्रथम ऐकला.