सुईत दोरा ओवणारे अब्बा

अब्बांनी पन्नास वर्षे शिंपीकाम केले. दुकान बंद झाले तरी घरातली तुटलेली बटणे, उसवलेल्या शिवणी, नातवंडांच्या दप्तरांचे पट्टे त्यांच्याकडेच जात. दोऱ्याचे टोक ओठांनी ओले करायचे, चिमटीत पिळायचे, सुई खिडकीकडे धरायची आणि एका दमात आरपार. पंच्याहत्तरीला आले तरी चाळिशी लावून पहिल्याच प्रयत्नात जमायचे. आलेल्या पाहुण्यांना आम्ही हे कौतुकाने दाखवायचो. अब्बांची नजर बघा म्हणायचो.

तेच कौतुक आम्हाला नडले.

कारण त्याच वर्षी अब्बा दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागले होते. जेवताना ताटाशेजारचा पाण्याचा पेला हाताने उलटायचा. फजरला जाताना मशिदीच्या पायरीवर दोनदा अडखळले. एकदा रस्ता ओलांडताना बाजूने येणारी मोटरसायकल त्यांना दिसलीच नाही. पोराने ब्रेक मारला म्हणून निभावले. आम्ही म्हणालो, वय झाले, लक्ष नसते. आपा एकदा म्हणाली, डोळे दाखवून आण. त्यावर अब्बांचे उत्तर ठरलेले: "आंखां को क्या हुआ? सुई में धागा डालता ना मैं." यावर कोण काय बोलणार?

पुढे उजव्या डोळ्याने धुरकट दिसते म्हणू लागले, तेव्हा मीच म्हणालो की मोतीबिंदू असेल, पिकू दे, थंडीत काढू. हे मी म्हणालो होतो, आणि तेही एकदा नाही. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची गरज आता राहिलेली नाही, उलट फार पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मध्ये एकदा चष्म्याच्या दुकानातून नंबर बदलून आणला होता. नंबर तपासणे म्हणजेच डोळे तपासणे, अशी आमच्या घरात समजूत होती.

डॉक्टरांनी आधी डोळ्याचा दाब मोजला. मग थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आत बघितले. मग एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवले: समोरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचे आणि आजूबाजूला कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचे. मी मागे उभा होतो. दिवे लागत होते, विझत होते आणि अब्बांचा अंगठा हलत नव्हता. मला वाटले, त्यांना सूचनाच कळली नसेल.

मोतीबिंदू होता, पण थोडाच. खरा रोग काचबिंदू. डोळ्याच्या आत पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि सतत निचरतो. निचरा तुंबला की दाब वाढतो, आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. बहुतेकांना काही दुखत नाही, डोळा लाल होत नाही. आधी कडेची नजर जाते, मधली अगदी शेवटी. म्हणून माणूस सुईत दोरा ओवतो आणि चौकटीला आपटतो. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. औषध घालायचे ते उरलेली नजर टिकवण्यासाठी. अब्बांचा उजवा डोळा जवळजवळ संपला होता, आणि डावा म्हणजे नळीतून बघितल्यासारखा.

थेंब सुरू झाले. दाब 16 वर आला. मग रमजान आला, आणि ईदनंतरच्या तपासणीत तो 27 निघाला. घरी येऊन बाटली बघितली तर भरलेली. अब्बांनी महिनाभर एकही थेंब घातला नव्हता, आणि कुणाला सांगितलेही नव्हते. थेंब घातला की घशात कडू लागते, मग रोजा कसा राहील, असा त्यांचा हिशेब.

कडू लागते हे खरेच आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते, तिथून औषध घशात येते. मी अब्बांना घेऊन पेशइमामांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले की हनफी मसलकात डोळ्यातल्या थेंबाने रोजा तुटत नाही, घशात चव आली तरी. मालिकींचे मत वेगळे आहे, तेव्हा ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पण विचारावे, मनातल्या मनात फतवा काढून बाटली फडताळात ठेवू नये. शिवाय डॉक्टरांना विचारले तर दोन वेळचा थेंब सहरीला आणि इफ्तारनंतर बसवता येतो. एवढ्या दोन प्रश्नांनी तो महिना वाचला असता.

(सुरम्याचेही सांगतो. अब्बा तो भक्तीने लावत. बाजारातल्या कित्येक सुरम्यांत शिसे सापडले आहे, तेव्हा आमच्या घरातली सुरमेदाणी आता रिकामी आहे. अब्बा अजून नाराज आहेत.)

त्या दिवशी डॉक्टरांनी मला वय विचारले. 51, म्हणालो. आईवडिलांना काचबिंदू असेल तर मुलांना धोका जास्त असतो, तुम्हीही बसा, म्हणाले. माझा दाब निघाला 24, आणि नसेवर सुरुवातीच्या खुणा. मला तर काहीच होत नव्हते. आपाचे डोळे साफ निघाले, अलहम्दुलिल्लाह. धाकट्या भावाला वेळ नाही. त्याला शुगर आहे, म्हणजे त्याने दरवर्षी बाहुली मोठी करून पडदाही तपासून घ्यायला हवा. दर आठवड्याला फोन करतो, तो दर आठवड्याला पुढचा आठवडा सांगतो.

आता इशा झाली की आम्ही बापलेक पलंगावर शेजारी बसतो. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली असते, कारण महिन्याने ती फेकायची. मान मागे, खालची पापणी ओढायची, एकच थेंब. मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटे बसायचे. त्याने औषध डोळ्यातच राहते, अंगात कमी भिनते आणि घशात कडू लागत नाही. अब्बांच्या दुसऱ्या बाटलीसाठी पाच मिनिटे थांबावे लागते. तेवढ्यात ते दुकानातल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगतात, कुणाची शेरवानी, कुणाचे उधार. डोळे मिटलेले, बोट नाकावर.

काल माझ्या सदऱ्याचे बटण तुटले. अब्बांनी सुई मागितली, दोरा ओवला, आणि सदरा शोधायला शेजारी हात फिरवू लागले. तो त्यांच्या उजव्या मांडीजवळच होता. मी उचलून त्यांच्या समोर धरला.